बदामच्या गुलामाने बुडवलेले चार इस्पिक: एका बचावाचा प्रकरण अभ्यास

मे महिन्यातली नागपूरची दुपार, धरमपेठेतलं एक जुनं घर. चार-चार जणांच्या दोन टीमचा ब्रिजचा सराव सामना होता. एक टेबल हॉलमध्ये कूलरसमोर, दुसरं आतल्या खोलीत, कारण एका टेबलावरची चर्चा दुसरीकडे ऐकू गेली तर सामन्याला अर्थ उरत नाही. दोन्ही टेबलांवर पानं तीच, बोली तीच, पहिली उतारी, म्हणजे आधी टाकलेलं पान, तेही तेच. एका टेबलावर डिक्लेअररने, म्हणजे बोली जिंकून डाव खेळणाऱ्याने, बारा हात केले (चौघांचं एकेक पान पडलं की एक हात), दुसऱ्यावर नऊ. तीन हातांचा हा फरक पूर्वेच्या एका पानामुळे पडला. ते पान कसं शोधायचं, तेच इथे बघायचं आहे.

वाटप दक्षिणेचं, कोणीही व्हल्नरेबल नाही (म्हणजे बक्षीस-दंडाचे गुण कमी). दक्षिण १ इस्पिक, उत्तर २ इस्पिक, दक्षिण ४ इस्पिक, म्हणजे इस्पिक हुकूम आणि तेरापैकी दहा हात करायचे. पूर्व-पश्चिम दोघेही शेवटपर्यंत पास. पश्चिमेची उतारी किलवरची राणी.

डमी, म्हणजे डिक्लेअररच्या भिडूची पानं, टेबलावर उघडल्यावर पूर्वेला एवढंच दिसतं:

उत्तर (डमी)
इस्पिक: राणी, ९, ४
बदाम: १०, ७, २
चौकट: राजा, राणी, गुलाम, १०, ५
किलवर: ७, २

पूर्व
इस्पिक: ७, ५
बदाम: राजा, गुलाम, ९, ४
चौकट: एक्का, ९, ४
किलवर: ८, ६, ५, ४

पुढे वाचण्याआधी दोन मिनिटं इथेच थांबा. बाकीच्या दोघांची पानं अजून झाकलेलीच राहू द्या.

पहिला हात: खेळण्याआधीची मोजणी

डमीतून दुर्री मागितली गेली. पूर्वेला या हातात करण्यासारखं काहीच नाही, कुठलंही किलवर टाकलं तरी हात दक्षिणेचाच. म्हणूनच बहुतेक जण चटकन पान टाकून मोकळे होतात, आणि डाव तिथेच हातचा जातो. हात घ्यायचा नसला तरी विचार करायची जागा हीच आहे. पहिल्या हाताला पूर्वेने अर्धा मिनिट घेतला तर त्यातून कोणाला काही कळत नाही, डमी नुकतीच उघडली आहे, सगळेच बघत असतात. तोच अर्धा मिनिट चौथ्या हाताला, चौकटचा एक्का हातात धरून घेतला, तर टेबलावरच्या सगळ्यांना कळतं की एक्का कुठे आहे.

प्रश्न एकच: चार इस्पिक बुडवायला चार हात लागतात, ते येणार कुठून?

रंगवार बघू. किलवरची राणी उतरली म्हणजे पश्चिमेकडे गुलाम आहे आणि राजा नाही. राजा-राणी दोन्ही असते तर उतारी राजाची झाली असती. किलवरचे एक्का-राजा डमीत नाहीत, पूर्वेकडे नाहीत, म्हणजे दोन्ही दक्षिणेकडे. शिवाय डमीत किलवर दोनच. तिसऱ्यांदा किलवर निघालं तर डमी हुकूम मारेल. या रंगात आपला एकही हात नाही, आणि हे पहिलं पान पडतानाच ठरलेलं आहे. हुकमात पूर्वेकडे सत्ती आणि पंजी, तिथेही काही नाही. चौकटमध्ये एक्का, एक हात. उरले तीन, आणि ते तिन्ही बदाममधूनच यायला हवेत, दुसरी जागाच नाही.

आता पॉइंट मोजू, एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १ या नेहमीच्या हिशेबाने. डमीत ८, पूर्वेकडे ८. उरले २४. पश्चिमेच्या किलवर राणी-गुलामाचे ३ वजा केले की २१. चौकटची सगळी मोठी पानं समोर दिसतात. म्हणून हे २१ नेमके कोणते तेही मांडता येतं: इस्पिकचे एक्का, राजा, गुलाम (८), किलवरचे एक्का, राजा (७), बदामचे एक्का, राणी (६). दक्षिणेने १ इस्पिकवर २ मिळाल्यावर थेट ४ म्हटलं, म्हणजे लांब इस्पिक आणि साधारण १६ ते १८ पॉइंट. इस्पिक आणि किलवरचे १५ त्याच्याकडे धरले तर प्रश्न फक्त बदामच्या एक्क्याचा आणि राणीचा उरतो.

एक्का दक्षिणेकडे असेल तर त्याचे पॉइंट १९ किंवा २१ होतात, बोलीशी ते जुळत नाहीत. समजा जुळले, तरी मग आपल्याला बदामचे तीन हात मिळणं शक्यच नाही आणि कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे बोलीत कबूल केलेले हात, बुडत नाही. म्हणून एक्का पश्चिमेकडे आहे असं धरूनच खेळायचं. यात आशावाद नाही. ज्या मांडणीत आपण जिंकू शकतो, तेवढ्याच मांडणीचा विचार करायचा, कारण इतर मांडण्यांत काहीही खेळलं तरी निकाल तोच राहतो.

राणी मात्र कुठेही असू शकते. दक्षिणेकडे असली तर त्याचे १७ होतात, बोलीत चपखल बसणारा आकडा.

एवढं झाल्यावर पूर्वेने किलवरची चव्वी टाकायची, सगळ्यात लहान पान. मोठं पान म्हणजे 'हा रंग चालू ठेव' आणि लहान म्हणजे 'नको' असं ठरलेलं असेल, तर चव्वीने पश्चिमेलाही कळतं की किलवरमध्ये मदत नाही.

दुसरा, तिसरा आणि चौथा हात

दक्षिणेने किलवरच्या एक्क्याने हात घेतला. मग इस्पिकचा एक्का, राजा. पश्चिमेने अठ्ठी आणि दुर्री दिली, पूर्वेने पंजी आणि सत्ती, डमीतून चव्वी आणि नव्वी गेली. दक्षिण इथे थांबला. बाहेर चार हुकूम असताना ते दोन-दोन फुटण्याची शक्यता साधारण ४० टक्के असते, ती त्याला मिळाली. त्याने हुकूम काढणं थांबवलं, म्हणजे पश्चिमेचे संपले. डमीत तीन, पूर्वेकडे दोन, पश्चिमेकडे दोन, म्हणून दक्षिणेकडे सहा. डमीतली इस्पिकची राणी शिल्लक आहे, म्हणजे डमीत जायची वाटही शाबूत आहे.

चौथ्या हाताला चौकटची तिर्री आली. पश्चिमेने दुर्री दिली, डमीतून राजा.

पश्चिमेच्या दुर्रीकडे नीट बघा. डिक्लेअररने रंग काढला की बचावातल्या भिडूने आपल्याकडे किती पानं आहेत ते सांगायचं: सम असतील तर आधी मोठं मग लहान, विषम असतील तर आधी लहान. दुर्रीपेक्षा लहान पान नाही, म्हणजे विषम. पश्चिमेकडे तीन चौकट, डमीत पाच, पूर्वेकडे तीन, म्हणून दक्षिणेकडे दोन. (पश्चिमेकडे एकच असेल तर दक्षिणेकडे चार येतात. मग सहा इस्पिक आणि दोन किलवर सोडून त्याच्या हातात बदामचं एकच पान बसतं आणि डाव हाताबाहेर जातो. ती मांडणी सोडून द्यायची.)

आता दक्षिणेची पानं जवळपास उघडी पडली: सहा इस्पिक, दोन चौकट, उरलेली पाच बदाम आणि किलवरमध्ये. तीन बदाम, दोन किलवर असतील तरच आपल्याला संधी आहे. तेच धरायचं.

एक्का लगेच घ्यायचा की एक फेरी रोखून धरायचा? लांब रंग डमीत अडकवण्यासाठी एक्का रोखतात. पण इथे इस्पिकची राणी डमीत बसली आहे, रोखून काहीच अडत नाही. भिडूकडून मोजणी कळली नसती आणि दक्षिणेकडे चौकटचं एकच पान असतं, तर रोखलेला एक्का कायमचा गेला असता. मिळायचं काही नाही आणि गमवायचं बरंच, अशा वेळी एक्का घ्यायचा.

पूर्वेने एक्का घेतला. आता उतारी पूर्वेची.

दोन टेबलांवर काय झालं

हॉलमधल्या टेबलावर पूर्वेने किलवर परत दिला. दक्षिणेने राजाने घेतला, चौकटच्या अठ्ठीवरून डमीच्या राणीत गेला, मग गुलाम, दश्शी आणि पंजीवर आपले तिन्ही बदाम टाकून दिले. सहा इस्पिक, दोन किलवर, चार चौकट, एकूण बारा हात. गुण ४८०.

डाव संपल्यावर पूर्वेचं आणि पश्चिमेला बसलेल्या काकांचं बोलणं थोडक्यात असं झालं:

"काका, उतारी तुमची किलवर होती, म्हणून तोच रंग परत दिला."

"अगं, पण डमीत दोनच किलवर होते. माझी दहा किलवरं असती तरी तिसऱ्याला तिने मारलंच असतं ना! आणि चौकट बघ, पाच पानांची रांग. आपले हात तेव्हाच घ्यायचे होते, नंतर ते मिळणारच नव्हते."

काकांचं दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं आहे. 'भिडूचा रंग परत द्यावा' हे शिकवताना सोपं पडतं, म्हणून पहिल्या दिवशी सांगितलं जातं, आणि मग ते डोक्यातून निघत नाही. डमीत लांब, तयार रंग दिसला की बचावाला घाई करावी लागते, कारण एक्का गेल्यावर डिक्लेअररची हरणारी पानं त्या रंगावर पडून जातात. डमीत असं काहीच नसेल तर शांत बसून डिक्लेअररलाच हालचाल करू द्यावी, तिथे बिनधोक रंग परत देणंच बरोबर. इथे डमीची चौकट स्वतःच ओरडून सांगत होती की वेळ नाही.

आतल्या खोलीत पूर्वेने बदामचा गुलाम उतरवला. चारही बाजूंचे बदाम आता उघडू:

उत्तर: १०, ७, २
पूर्व: राजा, गुलाम, ९, ४
दक्षिण: राणी, ८, ३
पश्चिम: एक्का, ६, ५

दक्षिणेने गुलामावर राणी घातली, पश्चिमेने एक्का, डमीतून दुर्री. पश्चिमेने बदामची छक्की परत दिली. आता डमीत दश्शी आणि सत्ती, आणि तिच्यानंतर लगेच खेळणाऱ्या पूर्वेकडे राजा आणि नव्वी. डमीने दश्शी घातली तर राजा घेतो आणि नव्वी दक्षिणेच्या अठ्ठीवर मोठी ठरते. सत्ती घातली तर नव्वीच हात घेते आणि राजा मागे राहतो. दोन्हीकडून बदामचे तीन हात, चौकटचा एक, कॉन्ट्रॅक्ट एक डाऊन (एक हात कमी), ५० गुण. दोन्ही टेबलं मिळून फरक ५३० चा, म्हणजे ११ आयएमपी (गुणांच्या फरकावरून टीम सामन्यात मिळणारे गुण).

गुलामच का

'बदाम खेळायला हवा होता' एवढ्यावर चर्चा थांबवली तर अर्धंच शिकलो. बदामची चार पानं पूर्वेच्या हातात आहेत, आणि त्यातलं एकच चालतं. संध्याकाळी पानं पुन्हा मांडून प्रत्येक पान खेळून पाहिलं, ते हे.

चव्वी. लहान पान, हात आपोआप तिकडे जातो. दक्षिण तिर्री घालतो. आता पश्चिमेने छक्की घातली तर डमीची सत्तीच हात घेते, म्हणून एक्का टाकणं भाग आहे. पश्चिम छक्की परत देतो, डमी सत्ती. पूर्वेकडे राजा, गुलाम, नव्वी. तिच्या मागे दक्षिणेकडे राणी आणि अठ्ठी. गुलाम घातला तर राणी घेते आणि शेवटचा बदाम चौकटवर जातो. राजा घातला तर तो हात मिळतो, पण मग राणीच सगळ्यात मोठी उरते. बदामचे जास्तीत जास्त दोन हात. एकूण तीन, कॉन्ट्रॅक्ट पूर्ण, ४२०.

राजा. राजा हात घेतो. मग गुलाम: दक्षिण राणी घालतो, पश्चिम एक्का, आणि आता बदाममध्ये सगळ्यात मोठं पान डमीची दश्शी. राजा आधीच खर्च झाला, दश्शीवर पहारा देणारं कोणी उरलं नाही. पुन्हा दोनच हात.

नव्वी. दक्षिण तिर्री घालतो. डमीच्या दश्शीसाठी पश्चिमेला एक्का टाकावाच लागतो. छक्की परत आली की डमी दश्शी घालते, राजा लागतो आणि दक्षिणेची राणी मोठी होते.

गुलाम चालतो याचं कारण डमीची दश्शी. पूर्वेकडे दश्शीच्या लगेच वरचं पान आहे आणि लगेच खालचंही, म्हणजे गुलाम आणि नव्वी. दश्शी दोघांच्या कात्रीत सापडली आहे. वर आणखी एक मोठं पान, राजा, पहाऱ्याला. अशी मांडणी असली आणि डमी आपल्या उजव्या हाताला असली, म्हणजे आपल्या आधी खेळत असली, की कात्रीतलं वरचं पान उतरवायचं. राजा-गुलाम-नव्वी ही सलग रांग नसली तरी डमीची दश्शी जणू आपलीच धरायची, म्हणजे गुलाम-दश्शी-नव्वी ही रांग होते.

दश्शी डमीऐवजी दक्षिणेकडे असती, म्हणजे त्याच्याकडे राणी, १०, ३ आणि डमीत ८, ७, २, तर हा डाव कुठल्याच पानाने बुडला नसता. गुलामावर राणी, एक्का, आणि मग दक्षिणेची दश्शी पूर्वेच्या नव्वीवर मोठी राहते. म्हणून डमीतलं दश्शी-नव्वीसारखं बारीक पानसुद्धा दुर्लक्ष करण्यासारखं नसतं.

राणी पश्चिमेकडे असती तर? एक्का, राणी, ५ पश्चिमेकडे, दक्षिणेकडे ८, ६, ३. गुलाम उतरला तरी तीनच हात मिळतात, चव्वीनेही मिळतात. म्हणजे गुलामाने कुठेच नुकसान नाही, आणि एका मांडणीत तोच एक उपाय आहे. असं पान सापडलं की खेळून टाकायचं.

पश्चिमेचं काम

या डावात कौतुक पूर्वेचं झालं, पण डाव पश्चिमेकडूनही बिघडू शकला असता. समजा दक्षिणेने गुलामावर राणी घातलीच नाही, तिर्री दिली. पश्चिमेच्या हातात एक्का आहे, हात शिवशिवतात. तिने एक्का घातला की संपलं: छक्की परत, डमीची दश्शी, पूर्वेचा राजा, आणि दक्षिणेची राणी मोठी. पंजी टाकून गुलामाला हात घेऊ द्यायचा. डमीची दश्शी गुलामापेक्षा लहान आहे, हात जाणार कुठे? पूर्वेकडे उतारी राहते, ती पुढे चव्वी खेळते. दक्षिणेने राणी घातली तर एक्का घेतो आणि पूर्वेचे राजा-नव्वी डमीच्या दश्शीवर बसलेले आहेतच. अठ्ठी घातली तर एक्का, मग राजाखाली राणी पडते. तीन हात पूर्ण.

भिडूने मोठं पान उतरवलं की त्यामागे हेतू असतो हे गृहीत धरावं. आपला एक्का त्यावर घालण्याआधी डमीत त्यापेक्षा मोठं काही आहे का, एवढंच बघायचं.

दुसरं, चौकटची दुर्री. तीन लहान पानांत विषम दाखवणं सोपं असतं, पण पश्चिमेला आपल्या हातात 'काहीच नाही' असं वाटत असताना ती खूण नीट देणं महत्त्वाचं. हॉलमधल्या टेबलावरही तीच दुर्री पडली होती. पूर्वेने ती पाहिली नाही. हुकमातली 'अठ्ठी, मग दुर्री' हीसुद्धा काही जोड्या खूण म्हणून वापरतात: मोठं आधी म्हणजे वरचा रंग, बदाम, हवा. पण जुन्या पद्धतीत हुकमातलं मोठं-लहान म्हणजे तीन हुकूम आहेत असा अर्थ होतो. यातलं कोणतं आपलं, ते पानं वाटण्याआधी ठरलेलं असावं. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी पुरुष जोडीचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा ब्रिज म्हणजे काय असं विचारणारे खूप भेटले. त्यांना सांगायचं ते हेच: हा जोडीचा खेळ आहे, आणि जोडी कशी बचाव करते त्यावरून ती किती पक्की आहे ते कळतं.

सरावासाठी

एकाच रंगाची तेरा पानं काढा आणि चौघांत अशी मांडा: डमी ९, ७, २, पूर्व राणी, १०, ८, ४, दक्षिण एक्का, गुलाम, ३, पश्चिम राजा, ६, ५. उतारी पूर्वेची. आधी चव्वी खेळून बघा: दक्षिण तिर्री, पश्चिमेला राजा टाकावा लागतो, आणि मग एक्का-गुलाम दोन्ही दक्षिणेला मिळतात. मग दश्शी खेळा. इथे दश्शी आणि अठ्ठी यांच्या कात्रीत डमीची नव्वी आहे आणि राणी पहाऱ्याला. दक्षिणेने गुलाम घातला, राजाने घेतला, छक्की परत, डमी सत्ती, पूर्वेची अठ्ठी, दक्षिणेचा एक्का, आणि राणी शेवटचा हात घेते. दक्षिणेचे दोन हात एकावर आले. दक्षिणेने दश्शी सोडून दिली तर पश्चिमेने राजा घालायचा नाही, इथेही नाही.

प्रत्येक मांडणी चारही बाजूंनी बसून खेळा. पश्चिमेच्या खुर्चीत बसल्यावर राजा टाकायचा मोह किती होतो ते तिथेच कळतं.